ट्रंकेतला फोन

दिवाळी सरली की आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पिठाचे डबे, अंथरुणं, भांडी, शेळ्या आणि माणसं घेऊन ते सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. पाऊस कमी, जमीन हलकी. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोनं मिळून एक कोयता व्हायचं आणि पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची, असं इथल्या कितीतरी घरांचं वर्ष असतं. काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात. मागं राहणारी हंगामी वसतिगृहात जेवतात आणि आजीजवळ झोपतात. आई आणि लेकरू यांच्यामध्ये मग एकच वस्तू उरते, आजीचा फोन. तिकडे रात्री गाडी भरून झाली, कोपीवर चूल पेटली की इकडे तो वाजतो.

या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. मुलांना संगणक कसा चालतो ते शिकवणं आणि मोबाइलवर सुरक्षित राहायला शिकवणं, ही दोन्ही कामं गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत. त्यातलं पहिलं मला लवकर जमलं. दुसरं जमायला मला एक चूक करावी लागली आणि तिची किंमत एका आठ वर्षांच्या मुलीनं मोजली. हे लिहायला बसले ते तिच्यासाठी.

फोन घरात आला तो आमच्याच सांगण्यावरून. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आम्ही शिक्षक दारोदार फिरलो, अभ्यासाचे व्हिडिओ पाठवले, पालकांना साधा फोन बदलून मोठा घ्यायला सांगितलं. कुणी शेळी विकून घेतला, कुणी उचलीतून घेतला. पुढं शाळा भरू लागल्या आणि आम्हीच पालकसभेत सांगू लागलो, मुलांच्या हातात फोन देऊ नका. मधल्या काळात त्या फोनवर मुलं काय काय शिकली होती, हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

लोकवर्गणीतून शाळेला एक लॅपटॉप आणि चार टॅब मिळाले. मुलं 32. भारनियमनाच्या दिवशी तेही बंद. म्हणून संगणकाचा पहिला तास मी संगणकाशिवाय घेतला. वर्गाच्या कोपऱ्यात माठ आहे. त्याच्यासमोर उभी राहून मी म्हटलं, “आजपासून मी संगणक. मला पाणी प्यायचंय. सूचना द्या.”

“बाई, पाणी घ्या.” मी जागची हलले नाही. “ओगराळं घ्या.” घेतलं. “माठात घाला.” मी झाकणावरच ओगराळं आपटलं. वर्ग खदखदून हसला. “झाकण काढा!” काढलं आणि हातातच धरून राहिले. “ठेवा ना खाली!” ठेवलं, पण हातातलं ओगराळंही खाली ठेवलं. चौथीतला एक मुलगा कळवळून म्हणाला, “बाई, तुमाला एवढं बी कसं कळंना?”

“मी संगणक आहे. मला कळत काहीच नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मी करते.”

घोटभर पाणी माझ्या पेल्यात यायला 17 सूचना लागल्या. मुलांनी त्या फळ्यावर क्रमानं लिहिल्या. एक वगळली तर काय होतं, दोन उलटसुलट झाल्या तर काय होतं, ते करून पाहिलं. प्रोग्रॅम म्हणजे काय, हे सांगायला मला यापेक्षा मोठी व्याख्या कधी लागली नाही.

पुढचा धडा चिंचोक्यांचा. पाच पुठ्ठ्यांवर 16, 8, 4, 2 आणि 1 असे चिंचोके चिकटवले आणि पाच मुलांच्या हातात दिले. पुठ्ठा समोर धरला की ‘चालू’, पाठ फिरवली की ‘बंद’. 21 करायचे तर 16, 4 आणि 1 वाल्यांनी पुठ्ठे दाखवायचे, बाकीच्या दोघांनी पाठ फिरवायची. पाच मुलांत 31 पर्यंतचा कुठलाही आकडा तयार होतो. सगळ्यांनी पाठ फिरवली तर शून्य. फोनमधला फोटो, गाणं, आईचा आवाज, सगळं असल्याच चालू-बंदच्या रांगांनी साठवलेलं असतं, असं मी सांगितलं तेव्हा एक मुलगी बराच वेळ आपल्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. “म्हंजी माय बोलती ते बी असंच?” “हो, तेही असंच.”

हीच ती मुलगी. तिसरीतली. दप्तरात नेहमी खडूचे तुकडे जमवणारी.

डिसेंबर 2022 मधली गोष्ट. तिचे आईबाप दिवाळीनंतर फडावर गेले होते. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “बाई, फोनात एक दादा हाय. रोज बोलतो.” ती आजीच्या फोनवर एक खेळ खेळायची. त्यात इतर खेळणाऱ्यांशी लिहून बोलता येतं. त्या दादानं आधी खेळातल्या वस्तू फुकट दिल्या. मग नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. आता तो म्हणत होता, तुझा फोटो पाठव आणि हे कुणाला सांगू नकोस.

तिनं फोटो पाठवला नव्हता. ‘कुणाला सांगू नकोस’ असं बजावूनही ती मला सांगायला आली होती. आठ वर्षांच्या मुलीनं याहून शहाणपणानं काय वागायचं? आणि मी काय केलं? माझा आवाज चढला. “अनोळखी माणसाशी बोललीसच का? नाव-गाव का सांगितलंस? किती वेळा शिकवलंय?” माझ्या पोटात भीतीचा गोळा आला होता. पण तिला दिसला तो माझा राग. संध्याकाळी मी तिच्या आजीला गाठलं आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जेवढं वाकडंतिकडं निघतं तेवढं सगळं बोलून आले. आजीनं ऐकलं, फोन बंद केला आणि लोखंडी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. मला वाटलं, चला, प्रश्न सुटला.

चार दिवसांनी ती वर्गात बाकावर डोकं टेकून बसलेली दिसली. बरं नाही का, विचारलं तर मान हलवली. शेजारची मैत्रीण म्हणाली, “बाई, तिची माय बोलतच नाय. फोन ट्रंकात हाय ना.”

तिकडे तिची आई चार रात्री फोन लावत होती आणि घरी काय झालं असेल या काळजीनं झोपत नव्हती. इकडे ही मुलगी शिकली होती की खरं सांगितलं की आई जाते. हे वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर कितीतरी आठवडे माझ्याकडे एकही मूल फोनातली कुठलीही गोष्ट घेऊन आलं नाही. बाहेरच्या माणसाला ती शांतता शिस्तीसारखी वाटली असती. मला ती कळायची. त्या दादानं ‘सांगू नकोस’ म्हणून जे साधलं नव्हतं, ते मी साधून दिलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा तिच्या घरी गेले. आजी म्हणाली, “पोरगी बिघडंल म्हणून ठिवला, बाई. मला काय कळतंय त्या फोनातलं.” मी म्हटलं, “आजी, पोरीची काही चूक नाही. चूक त्या माणसाची आहे आणि आरडाओरडा केला ती माझी.” ट्रंक उघडली. त्या दादाचे सगळे संदेश आधी स्क्रीनशॉट काढून जपून ठेवले, मग त्याला ब्लॉक केलं, खेळातलं बोलणं बंद करून टाकलं आणि त्याची तक्रार त्या खेळाकडे केली. क्रम महत्त्वाचा असतो. आधी ब्लॉक करून सगळं पुसून टाकलं तर पुढं पोलिसांत दाखवायला हातात काही राहत नाही. लैंगिक हेतूनं मुलांशी असा सतत संपर्क साधणं हा 2012 च्या पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे आणि मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे, हे मुख्याध्यापकांशी बोलून आजीला समजावून सांगितलं. मग आजीनंच फोन लावला. पलीकडून आवाज आला आणि ती मुलगी फोन घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत उभी होते. घरी जाताना वाटेत मी ठरवलं, हा विषय आता मी पहिल्यापासून शिकणार.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “मी चुकले. तिनं बरोबर केलं होतं. सांगणाऱ्यावर मी रागावले. पुन्हा असं होणार नाही.” गुरुजी-बाई चुकतात हे मुलांना माहीत असतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायची मुलांना सवय नसते. वर्ग गप्प झाला. विश्वास त्या दिवशी परत आला नाही. त्याला पुढचं वर्ष लागलं.

त्या वर्षात मी एक गोष्ट बदलली. ‘हे करू नका, ते करू नका’ ही यादी फळ्यावरून पुसली आणि प्रत्येक सावधगिरीच्या मुळाशी संगणकातलं कोणतं कारण आहे ते मुलांना शोधायला लावलं.

पिनचा धडा गणिताच्या तासाला घेतला. चार आकडी पिन किती प्रकारे करता येईल? दहा गुणिले दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे 10,000. एक पिन टाकून बघायला पाच सेकंद धरले तर सगळे टाकायला 50,000 सेकंद, जवळजवळ 14 तास. शिवाय दोन-चारदा चुकलं की बँकेचं ॲप कुलूप लावतं. मग चोराला पिन मिळणार कसा? वर्ग विचारात पडला. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “इचारून!” तेच खरं. पिन ओळखता येत नाही, म्हणून तर तो फोन करून गोड बोलतो. पाठोपाठ दुसरी गोष्ट सांगितली. आपल्या खात्यात पैसे येताना पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाताना. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कुणी म्हटलं की तो पैसे काढायला आला आहे. मुलांनी हे त्याच दिवशी घरोघरी पोहोचवलं. काही आज्यांनी फोनच्या कव्हरमागं चिकटवलेली पिनची चिठ्ठी काढून टाकली.

फोटोचा धडा कागदावर झाला. सगळी मुलं गावात असतानाच, सप्टेंबरमध्ये घेतला. एका मुलीनं आपल्या शेळीचं चित्र काढलं, त्याच्या दोन नकला केल्या आणि दोघांना दिल्या. त्या दोघांनी प्रत्येकी दोन केल्या. चार झाल्या, मग आठ, मग सोळा. “बाई, हे तर आपले चिंचोके!” कुणीतरी ओरडलं. 1, 2, 4, 8, 16, एकूण 31 शेळ्या. आता मी त्या मुलीला म्हटलं, “तुझं चित्र परत घे. एकही बाहेर राहायला नको.” ती बाकाबाकांवरून फिरली. 29 मिळाले. दोघांनी लपवले होते आणि कबूल करत नव्हते. त्यातला एक कागद जानेवारीत कंपासपेटीतून निघाला. दुसरा आजवर सापडलेला नाही. पाठवलेली वस्तू परत येत नाही, हे त्यानंतर मला शब्दांत सांगावं लागलं नाही.

सगळ्यात मोठा धडा मात्र मुलांनी मला दिला. लॅपटॉपवर मी स्क्रॅच भरून घेतलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेली ही मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा 2007 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम करायचा, पडद्यावरचं मांजर त्याप्रमाणे वागतं, आणि एकदा भरून घेतलं की इंटरनेट लागत नाही. माठाच्या 17 सूचना केलेल्या मुलांना ते लगेच जमलं. खडू जमवणारी ती मुलगी तोपर्यंत चौथीत गेली होती. तिनं एक प्रश्न विचारणारं मांजर बनवलं. तुझं नाव काय? तुझं गाव कोणतं? तुझ्या घरी कोण कोण असतं? एकेक मूल येऊन बसलं आणि मांजराला सगळं खरंखरं सांगून गेलं. मांजर गोड होतं, उत्तर दिलं की उडी मारायचं.

सगळ्यांचं झाल्यावर ती उठली, तिनं एक बटण दाबलं आणि पडद्यावर यादी उघडली. त्यात सगळ्यांची उत्तरं होती. एकेक करून ती मोठ्यानं वाचू लागली. कुणाचे वडील कुठं आहेत, कुणाची आजी एकटीच आहे. वर्ग हादरला. “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं. मांजराला.”

मी विचारलं, “मांजर कुणी बनवलं?” “हिनं.” “मग उत्तरं कुणाकडे गेली?” “हिच्याकडं.”

पडद्यावरच्या प्रत्येक गोड चित्रामागं ते बनवणारं कुणीतरी माणूस असतं आणि आपलं उत्तर त्याच्याकडे जातं, हे मी वर्षभर सांगून जे कळलं नसतं ते त्या मुलीनं दहा मिनिटांत दाखवलं. एक वर्षापूर्वी तिला हेच प्रश्न कुणी विचारले होते, हे वर्गात तिला आणि मला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

अशा विचारणाऱ्यांना आवर घालायला 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती हवी, असं त्यात म्हटलं आहे. व्हॉट्सॲपचीही किमान वयाची अट 13 वर्षांची आहे. पण आमच्याकडे सिमकार्ड आजीच्या नावावर, खातं आजीच्या नावावर. ॲपच्या लेखी आमची चौथीतली मुलगी पासष्ट वर्षांची बाई असते. कायदा त्या दारापाशी पोहोचेपर्यंत मुलाजवळ कुणीतरी माणूसच हवं.

म्हणून त्या वर्षी दिवाळीच्या आधी, गाड्या भरायच्या आत, पालकसभा घेतली. नेहमी आम्ही मुलांसाठी नियम करतो. या वेळी मुलांनी मोठ्यांसाठी केले. तीनच होते, खडबडीत अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलेले. आधी ऐकून घ्या. मारू नका. फोन ट्रंकेत ठेवू नका. तिसरा नियम कुणी सुचवला, ते मी विचारलं नाही. मी स्वतः पहिली सही केली. मग मुख्याध्यापकांनी, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी, आईबापांनी केली. आज्यांनी अंगठे उठवले. एक आजोबा म्हणाले, “लेकरांनी आमाला वळण लावायचं दिस आलं.” आणि त्यांनीही अंगठा दिला.

जानेवारी 2024. सकाळी परिपाठाच्या आधी ती मुलगी आपल्या धाकट्या भावाचा हात धरून ऑफिसच्या दारात उभी. भाऊ दुसरीत. “बाई, यानं सांगायचंय.” तो हुंदके देत होता. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “बाई ऐकून घेतात.”

रात्री आजीच्या फोनवर, खेळातले हिरे फुकट मिळतील, असा संदेश आला होता. त्यानं आजीचा नंबर दिला. मग सहा आकड्यांचा कोड आला, तोही दिला. सकाळी पाहतात तर आजीच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद. सहा आकडी कोडाचे दहा लाख प्रकार होतात. तोही ओळखता येत नाही, म्हणून तोही विचारावाच लागतो.

वेळ थोडा होता. मी आधी त्याच्या आईला साधा फोन लावला. ती फडात होती, मागं कोयत्यांचा आवाज येत होता. तिला नुकताच आजीच्या नंबरवरून संदेश आला होता. पोरगं दवाखान्यात आहे, तीन हजार लगेच पाठव. मुकादमाकडे मागायला ती निघालीच होती. “पाठवू नका. पोरगं माझ्यासमोर उभं आहे,” मी म्हटलं. मग आजीच्या घरी जाऊन तिचा नंबर व्हॉट्सॲपवर पुन्हा नोंदवला. नवा कोड तिच्या सिमवर आला आणि चोर आपोआप बाहेर पडला. त्यानं स्वतःचा पिन लावून ठेवला नव्हता, म्हणून हे अर्ध्या तासात झालं. आम्ही मात्र लगेच टू-स्टेप पिन लावला. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करायचा होता, तोही पहिल्या तासातच, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात आणि उशीर झाला की हाती लागत नाही. तशी वेळ आली नाही. ती आली नाही याचं कारण एकच. दुसरीतला एक मुलगा रडत का होईना, पण वेळेवर बोलला.

मुलांना सुरक्षित ठेवण्याचे धडे मला आता पुष्कळ येतात. चिंचोके, शेळीची चित्रं, मांजर, सगळं उपयोगी आहे, कारण यंत्र कसं चालतं ते कळलेलं मूल यंत्राला दबत नाही. तरी मूल चुकणारच. चुकल्यावर ते कुणाकडे धावतं, यावर सगळं अवलंबून असतं. ते माझ्याकडे यावं असं वाटत असेल, तर तिथं पोहोचल्यावर त्याचं काहीही हिरावलं जाणार नाही, याची जबाबदारी माझी आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या घरावरून गेले. दारातून ट्रंक दिसत होती. वर घडी घातलेली गोधडी होती. आजी चुलीपाशी भाकरी थापत होती आणि उंबऱ्यावर दोघं भावंडं एकाच फोनला कान लावून बसली होती. पलीकडून आई बोलत होती.